शून्य एकशे नव्वद

छापून आलेलं पुस्तक मी उघडत नसे. डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. गठ्ठा सोडून पहिली प्रत हातात घेतली आणि कुठलंही पान उघडलं, की नेमकी त्याच पानावर चूक बसलेली असते. चारदा प्रूफ तपासलेलं असलं तरी. मग आठ दिवस जेवण गोड लागत नाही. म्हणून मी ठरवूनच टाकलं होतं, छपाईच्या फिल्मवर ओके लिहिलं की माझं काम संपलं. गठ्ठा प्रेसमधून परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी. माझा नवरा श्यामसुंदर म्हणायचा, हे म्हणजे परीक्षा देऊन निकालाला न जाण्यासारखं झालं. त्याला काय जातं बोलायला! तो रबाळ्याच्या कंपनीत पंप बनवतो. पंप गळला तर परत येतो, दुरुस्त होतो. छापलेलं अक्षर परत येत नाही.

ही सवय मोडली सत्त्याण्णव सालच्या वैशाखात, कोपरखैरणे गावातल्या एका मांडवाखाली. पण आधी सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मी किती मूर्ख होते ते नीट कळायचं नाही.

बैठ्या घरांच्या रांगेच्या तोंडाशी माझा दहा बाय बाराचा गाळा होता. एक कॉम्प्युटर, एक लेसर प्रिंटर, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला आकड्यांचा तक्ता. तेव्हाची मराठी अक्षरं कॉम्प्युटरमध्ये भाडेकरूसारखी राहायची. घरं इंग्रजीची, आत मराठी. एका फॉन्टमध्ये दोनशेच्या वर घरं आणि कीबोर्डावर बटणं शंभर. जी अक्षरं बटणांवर मावत नाहीत, ती काढायला डाव्या हाताने ऑल्ट दाबून धरायचं आणि उजव्या हाताने चार आकडे मारायचे, की अक्षर उमटतं. बाकीचे ऑपरेटर मान वर करून तक्ता बघायचे. मला सगळे आकडे तोंडपाठ. माझा तक्ता नुसता गिऱ्हाइकांवर छाप पाडायला होता. ठाण्याच्या सेंटरात मराठी टायपिंगला पहिली आलेली बाई मी, माज होता मला, लपवत नाही.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ईश्वरी आली. वाशीला एका ऑफिसात रिसेप्शनला बसणारी, गावातल्या मढवींची मुलगी. तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. खाकी कव्हर, वर मास्तरी वळणाचं सुरेख अक्षर: ‘धवले’, आणि खाली नाव, नामदेव हसुराम मढवी. नामदेव गुरुजी म्हणजे तिचे वडील. आदल्या वर्षी शाळेतून आले, पायरीवर बसले आणि तिथेच गेले. अठ्ठेचाळीस वय. तिची आजी, गुरुजींची आई भागीरथी, ही गावची धवलारीण. आगरी लग्नात भटजी येतो आणि जातो, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत गाणारी बाई ती धवलारीण. गुरुजी आईची ही गाणी, म्हणजे धवले, कित्येक वर्षं वहीत उतरवत होते. त्याची पुस्तिका करायची, मे महिन्यात ईश्वरीचं लग्न, तेव्हा घरोघरी एक एक प्रत द्यायची, असं तिच्या गोटीराम काकाने ठरवलं होतं.

मी वही उघडली आणि भडकलेच. प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने काहीतरी गिरवलेलं. कुठे वळसा, कुठे आकडा, कुठे टिंब. मी तिला विचारलं, ह्या काय माश्या बसल्यात का अक्षरांवर? ती म्हणाली, तो आवाज आहे. कुठे चढवायचा, कुठे ओढायचा, त्याच्या खुणा बाबांनी स्वतःच्या मनाने बनवल्यात. मी स्पष्ट सांगितलं की जगातल्या कुठल्या फॉन्टमध्ये असल्या खुणा नसतात, शब्द घेते, माश्या सोडून देते. ती वही घेऊन गेली. मला वाटलं, गेली ब्याद.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आजीलाच घेऊन आली. ठेंगणी, काळी, करड्या नऊवारीतली भागीरथीबाय गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर मांडी घालून बसली. मला नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिने एक ओळ म्हटली, सरळ, रेशनकार्डावरची नावं वाचावीत तशी. मग तीच ओळ गायली. शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं. मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या आईचं जातं आठवलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. म्हातारीने विचारलं, आता सांग, माश्या का? नातीने घरी जाऊन सगळं सांगितलं होतं तर.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाखाली घरातल्या गेलेल्या माणसांना बोलवायचं असतं. बाकीच्या धवलारणी कसं करतात मला ठाऊक नाही, हिची रीत अशी: जमिनीवर चटई अंथरायची, एकेकाचं नाव घेऊन गायचं, आणि नाव घेतलं की गप्प व्हायचं. तीन श्वास. आलेल्याला बसायला वेळ द्यायचा.

“म्हातारी मानसं हान ती,” ती म्हणाली, “गुडगं दुकतान त्यांचं. एकदम कसं बसतील?”

मी हसले. ती हसली नाही. तिने सांगितलं की पन्नास वर्षं ती ही नावं घेत आली. सासऱ्याचं घेतलं, सासूचं घेतलं, नवऱ्याचंही घेतलं, आवाज हलला नाही. पण यंदा चटईवर शेवटी नामदेव बसायचा होता. आपल्या पोटच्या पोराला मेलेल्यांच्या पंगतीत बोलवायचं, ते तिच्या तोंडून निघेना. घरात दार लावून तिने करून बघितलं होतं, नावापाशी गळा बंद होत होता. आणि बोलावलं नाही तर तो लेकीच्या मांडवाच्या बाहेर उभा राहणार. आत कसा येईल? आपल्या घरातसुद्धा असा आगंतुकासारखा शिरणारा तो नव्हता. म्हणून ते गाणं दुसऱ्या बाईने कागदावरून गायचं होतं, उरणकडच्या भाचीने, गोजराने. ती आजीच्या मागून सूर धरायला असायची, बाकीची गाणी तिला येत होती, फक्त हे एक आजी दुपारी एकटीच म्हणायची आणि गोजरा संध्याकाळी हळदीला पोचायची, त्यामुळे ते तिच्या कानावर नव्हतं.

मी विचारलं, मग तुम्हीच तिला समोर बसवून शिकवा ना. म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं.

“शिकवायला पन नाव घ्यावा लागंल ना बाय,” ती म्हणाली. “कागदाचा बरा. कागदाला रडू येत नाय.”

तर असं. त्या एका नावासाठी सगळी खटपट होती. मी काम घेतलं.

खुणा पाच होत्या. नावं आजीनेच दिलेली: आवाज वर नेऊन उतरवायचा ती लाट, शेवटी खाली खेचायचा तो गळ, मध्येच तोडायचा ती ठेच, धरून ठेवायचा ती ओढ, आणि पाचवी गप. गपची खूण म्हणजे नुसतं एक पोकळ वर्तुळ, तांदळाच्या दाण्याएवढं. अक्षरं घडवायचं सॉफ्टवेअर मी एका ओळखीच्याकडून मागून आणलं आणि दोन रविवार घालवून पाचही खुणा काढल्या. आता त्यांना फॉन्टमध्ये घरं हवी होती. मी शोधलं तर ऐन मोक्यावर पाच घरं रिकामी सापडली. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे एकोणऐंशी, एकशे पंच्याऐंशी, एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे नव्वद. फॉन्ट बनवणाऱ्याने त्यांत काही ठेवलंच नव्हतं. मला आनंद झाला. बाई गं, इतकी चांगली घरं रिकामी का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नव्या मुंबईत राहून मला एवढं कळू नये! वरच्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हटलं की आपण आधी विचारतो, पाणी चढतं का म्हणून.

दीड महिना भागीरथीबाय रोज तीन वाजता वही घेऊन यायची. कोरा चहा प्यायची, गुरुजींच्या वहीतली ओळ ईश्वरीच्या धाकट्या चुलतीकडून आदल्या रात्री वाचून घेऊन आलेली असायची, ती गायची, आणि मी टाइप करायची. लाट आली की माझा उजवा हात आपोआप आकड्यांवर जायचा. शून्य एकशे अठ्ठ्याहत्तर. गळ, शून्य एकशे एकोणऐंशी. पंधरा दिवसांत असं झालं की ती गाते आहे आणि माझी बोटं चालताहेत, मध्ये डोकं नाहीच. भाजी चिरताना मी आवाज ओढायला लागले. श्यामसुंदर म्हणाला, तुला देव आलाय का? मी म्हटलं, गप. आणि स्वतःशीच तीन श्वास मोजले.

बोलावण्याचं गाणं आम्ही शेवटी ठेवलं होतं. पाच माणसं. आजीचा आजेसासरा जोमा, सासरा पोशा, पोशाची बायको सोनूबाय, मग आजीचा नवरा हसुराम. गुरुजींनी वहीत तिथपर्यंत लिहिलं होतं आणि खाली एक ओळ कोरी सोडली होती. पुढे कोणाचं तरी नाव येणार हे त्यांना ठाऊक होतं, कोणाचं ते नव्हतं. त्यांना वाटलं असेल, आईचं येईल. हसुरामपर्यंत गाऊन झालं आणि म्हातारी उठली, गाळ्याच्या बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मला कळलं. बाकी सगळ्यांसाठी ‘घरच्या लग्नाला’ होतं. गुरुजींसाठी मी ‘लेकीच्या लग्नाला’ लिहिलं, मनानेच.

‘ये रं नामदेवा मांडवाच्या दारी, लेकीच्या लग्नाला बस चटईवरी.’

वरच्या ओळींप्रमाणे खुणा घातल्या. दारीवर लाट, चटईवर ओढ, शेवटी गळ. आणि मग ऑल्ट, शून्य, एक, नऊ, शून्य. पोकळ दाणा उमटला. मी आत बसून रडले, ती बाहेर उभी. पाच मिनिटांनी आत आली आणि म्हणाली, च्या थंड झाला.

लेसर प्रूफ अगदी लख्ख आलं. ईश्वरीने वहीशी ताडून बघितलं, एकही खूण इकडची तिकडे नव्हती. मी फाइल फ्लॉपीवर घेतली, दुसऱ्या फ्लॉपीवर फॉन्ट घेतला, आणि वाशीला सुभाषकडे गेले. सुभाष छपाईसाठी फिल्म काढून द्यायचा. त्याचं मशीन वेगळ्या जातीचं होतं, माझ्या फॉन्टचं तो आपल्या मशीनसाठी रूपांतर करून घ्यायचा. हे आम्ही शंभरदा केलेलं. दोन दिवसांनी फिल्म तयार झाली तेव्हा तो म्हणाला, ताई, ह्यात नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी आहे वाटतं, मी माझ्या मशीनवरून साध्या कागदावर एक कॉपी काढतो, तुम्ही वाचून बघा. मला राग आला. माझं प्रूफ दोघींनी वाचलंय, आता काय तू मला शिकवणार, असं मी त्याला चारचौघांत सुनावलं. फिल्म दिव्यासमोर धरली. काळ्यावर पांढरी मुंगीएवढी अक्षरं. मी पानांचे आकडे बघितले, मथळे बघितले, ओके लिहून सही ठोकली.

पुढचं माझ्या पद्धतीप्रमाणेच झालं. दोनशे प्रतींचे गठ्ठे प्रेसमधून परस्पर मढवींच्या घरी. मी उघडले नाहीत. भागीरथीबायने एक प्रत हातात घेतली, ती न उघडताच हळदकुंकू लावून गुरुजींच्या फोटोपुढे ठेवली, बाकी गठ्ठे मांडवात सोडायचे म्हणून तसेच दोरीने बांधलेले. ईश्वरी लग्नाच्या गडबडीत. गोटीराम उरणजवळ द्रोणागिरीला गोदामात कामाला, त्याने गठ्ठ्यातली एक प्रत ओढून काढली आणि कामावर जाताना गोजराला नेऊन दिली. तीन आठवडे ती त्यावरून पाठ करत होती. ह्यात ज्याला काही कळलं असतं अशा एकानेही पुस्तक उघडलं नव्हतं. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नाही. फिल्म दिव्यासमोर धरली होती ती मीच.

मांडवाच्या दिवशी दुपारी मी जरीची साडी नेसून गेले. मला अगदी पुढे, बायकांत बसवलं. पुस्तक करणारी बाय म्हणून म्हाताऱ्या माझ्या गालांवरून हात फिरवत होत्या, आणि मी मस्तपैकी फुगत होते. समोर चटई अंथरलेली. भागीरथीबाय खांबाला टेकून बसली होती, पदर तोंडाशी. गोजरा पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, भित्री बाई. पुस्तिका दोन्ही हातांनी घट्ट धरून पुढे बसली. तिने सुरू केलं.

‘ये रं जोमाबाबा मांडवाच्या दारी, घरच्या लग्नाला बस चटईवरी, ये रं पोशाबाबा मांडवाच्या दारी.’

एका दमात. लाट नाही, ओढ नाही. जोमाला बसायला मिळालं नाही तोवर पोशाला हाक. आधी मला वाटलं घाबरली आहे. मग मी भागीरथीबायकडे बघितलं. तिचा पदर तोंडावरून खाली आला होता. ती चटईकडे बघत होती, जसं काही तिथे माणसांची धक्काबुक्की चालली आहे. गोजरा सोनूबायवर पोचली. पुढे हसुराम. मग नामदेव.

मी वाकून गोजराच्या हातातल्या पानावर नजर टाकली. शब्द सगळे जिथल्या तिथे. खुणा एकही नाही. जिथे जिथे मी ती पाच घरं वापरली होती, तिथे तिथे मोकळी जागा. माझ्या मशीनवर जी घरं रिकामी होती, ती सुभाषच्या मशीनवर घरंच नव्हती. म्हणून तर फॉन्टवाल्याने त्यांत काही ठेवलं नव्हतं! रूपांतर करताना पाचही खुणा रस्त्यात गळून पडल्या होत्या, आणि मशीनने चकार शब्द काढला नव्हता. हे सगळं मला एका क्षणात कळलं. पळून जावंसं वाटलं, खरंच सांगते. कुणाला कळलं नसतं. गोजरा घाबरली, एवढंच म्हणाले असते लोक.

“थांबा,” मी म्हणाले.

मांडवातलं गाणं मध्ये थांबवत नाहीत. तेही परक्या बाईने! गोजराचा आवाज तुटला. मागे कुजबुज झाली, कोणीतरी अगं बाय अशुभ म्हणालं, गोटीराम उठून पुढे यायला लागला. ईश्वरी दाराच्या चौकटीत उभी होती, तिच्याकडे मला बघवेना. मी भागीरथीबायसमोर गेले, खाली बसले.

“आजी, चूक माझी आहे. खुणा छापल्याच गेल्या नाहीत. मी बघितलं नाही. गोजराताईंचा काही दोष नाही.”

तिने पुस्तिका मागून घेतली. वाचता येत नव्हतं तिला, पण त्या खुणा ती ओळखायची, नावं तिनेच तर दिलेली. तिने पान डोळ्यांजवळ धरलं, बोट फिरवलं. मी वाट बघत होते की ती मला उठून जायला सांगेल. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. सुरुवातीला मी खुणांची नावं आणि पुढे त्यांची चित्रं असं एक पान घातलं होतं, त्यावर गोजराने पेन्सिलीने बारीक ‘गाणं कुठाय?’ असं लिहिलेलं दिसलं. लाट, गळ, ठेच, नावं तेवढी छापली होती, पुढची चित्रं नाहीत. बिचारीला वाटलं होतं, ती पुढच्या गाण्यांची नावं आहेत.

“तुला पाठ हाय?” भागीरथीबायने विचारलं.

मी म्हटलं, माझ्या हातांना पाठ आहे. त्यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

“मंग बस तिच्या म्होरं. पयल्यापास्ना.”

मी गोजराच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. तिला हळूच सांगितलं, हात वर गेला की आवाज वर, खाली ओढला की खाली, फटकन तोडला की तोडायचा, लांब नेला की धरून ठेवायचा. आणि मूठ मिटली की गप्प, उघडेपर्यंत. तिने मान हलवली. जन्मभर मागून धरणारी ती, खुणेला आवाज लावणं तिला काय अवघड! तिला फक्त कुठे ते हवं होतं, आणि ते ‘कुठे’ तेवढं माझ्याकडे होतं.

गोजराने पहिल्यापासून सुरू केलं. दारीवर माझा हात वर गेला आणि तिचा आवाज असा चढला की मागची कुजबुज बंद. उजवा हात माझा आपोआप चालत होता, गाळ्यात चालायचा तसा, बोटं हवेत आकडे दाबत होती. जोमा. मी मूठ मिटली. तीन श्वास. कुणीतरी खोकलं, तेवढंच. मूठ उघडली. पोशा आला, बसला. सोनूबाय बसली. हसुरामच्या वेळी भागीरथीबायने डोक्यावरचा पदर सारखा केला, नवरा समोर आल्यासारखा. मी ते बघितलं, पण बोटं चुकली नाहीत.

‘ये रं नामदेवा मांडवाच्या दारी.’

घरातून ईश्वरीचा हुंदका ऐकू आला. लाट चढली, उतरली. लेकीच्या लग्नाला. ओढ. गोजराच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं पण आवाज तिने सोडला नाही, गळ खालपर्यंत नेला. मी मूठ मिटली.

एक श्वास. दोन. तीन.

आता मूठ उघडायची. पण मी भागीरथीबायकडे बघितलं आणि मला उघडता येईना. ती चटईच्या शेवटच्या टोकाकडे बघत होती. हसुरामच्या पलीकडे, हातभर जागा होती तिथे. गोजरा माझ्या मुठीकडे बघत श्वास रोखून बसली होती. सगळा मांडव तसाच बसला होता. चार झाले, पाच झाले, मी मोजायचं सोडून दिलं. माझ्या मनात आलं, त्याचे तर गुडघे दुखत नव्हते, अठ्ठेचाळीसचा होता तो, त्याला का इतका वेळ लागावा? मग कळलं, वेळ त्याला लागत नव्हता.

भागीरथीबाय हलली. हात लांब करून तिने चटईचं दुमडलेलं टोक सरळ केलं. गुळगुळीत होईपर्यंत त्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून ती स्पष्ट म्हणाली,

“बसला माजा नामदेव. चल पुढं.”

मी मूठ उघडली.